थोडी गाठ उरली आहे, हे त्यांना कळू द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ३६ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा ३९ वर्षांचा. पाच एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. गेल्या वर्षी डवरणी चालू असताना ते धुऱ्याजवळ पडले आणि हातपाय झाडू लागले. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. उतारे झाले, गंडेदोरे झाले. पुन्हा झटका आला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ दिसली. नागपुरात ऑपरेशन झालं आणि तपासणीत ‘ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, ग्रेड २’ असं आलं. सर्जन म्हणाले, “बहुतेक गाठ काढली. बोलण्याच्या केंद्राजवळची थोडी ठेवावी लागली. आता ठरावीक काळानं एमआरआय करत थांबता येईल, किंवा आत्ताच रेडिएशन आणि केमो घेता येईल. घरी बोलून ठरवा.”

घरात एकमत नाही. दीर म्हणतो, दोन एकर विकू, मुंबईला नेऊ, एकदाचं सगळं करून टाकू. सासूबाई म्हणतात, पोरगा हिंडतो-फिरतो, आता त्याच्या डोक्याला हात लावू नका. ताईंना वाटतं, थांबायचं म्हणजे मरणाची वाट पाहत बसायचं. फवारणीचं औषध वर्षानुवर्षं त्याच कालवून द्यायच्या, तेही मनाला खातंय. ऑपरेशननंतर झटका आलेला नाही, पण नवऱ्याची चिडचिड फार वाढली आहे. रिपोर्टमध्ये काय आहे ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. “ते विचारतात, सगळी निघाली ना? मी हो म्हणते.” जमीन विकावी की थांबावं, आणि मुलांना हे होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात दिराचं मत आहे, सासूबाईंचं आहे, सर्जनचं आहे, तुमचं स्वतःचंही आहे. ज्यांच्या डोक्यात गाठ आहे त्यांचं मात्र कुठंच नाही. आणि पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय की सातबारा त्यांच्या नावावर आहे. म्हणजे उद्या दोन एकर विकायचे ठरले तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सही त्यांनाच करावी लागेल. तिथं बाकावर बसून त्यांनी विचारलं, “गाठ तर सगळी निघाली, मग वावर कायच्यासाठी विकतो?” तर काय सांगाल?

विकायचं की थांबायचं याआधी हा प्रश्न येतो. पण त्यांना सांगायला धीर हवा, आणि आजार नीट कळला की तो थोडाफार येतो. म्हणून आधी आजाराबद्दल बोलते.

‘ब्रेन ट्यूमर’ म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र उभं राहतं: डोकं भादरलेलं आणि सहा महिन्यांत खेळ खलास. सिनेमांनी ते पक्कं केलंय. प्रत्यक्षात मेंदूच्या गाठींचे कितीतरी प्रकार आहेत, आणि गाठ कोणत्या पेशीपासून झाली यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं. मेंदूत विचार, हालचाल, बोलणं चालवणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांच्यासोबत त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी असतात, त्यांना ग्लिअल पेशी म्हणतात. त्यातही कामं वाटलेली आहेत. कोणी चेतापेशींना खाऊपिऊ घालायला मदत करतं, कोणी कचरा साफ करतं, कोणी मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना आतून अस्तर लावतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ज्यांचं नाव आहे त्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवतात. मोटारपंपाच्या वायरवर रबर असतं, तसंच. वेष्टन शाबूत असेल तर संदेश झपाट्यानं जातो. अशी एक पेशी ४०-५० ठिकाणी वेष्टन चढवू शकते. स्पेनच्या पीओ देल रिओ ऑर्तेगा यांनी १९२१ मध्ये या पेशींचं वर्णन केलं, आणि १९२९ मध्ये अमेरिकेत बेली आणि ब्यूसी यांनी त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या गाठींवर सविस्तर लिहिलं. म्हणजे हा काही काल-परवा उगवलेला रोग नाही. डॉक्टर त्याला शंभर वर्षं ओळखतात.

ही गाठ बहुतेक वेळा मेंदूच्या पुढच्या भागात होते आणि बहुतेकांमध्ये तिची पहिली खूण म्हणजे झटका. तुमच्याकडे अगदी तसंच झालं. ग्रेड २ म्हणजे हळू वाढणारी. हळू म्हणजे वर्षांच्या हिशेबानं. पण ती निरुपद्रवी आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती आजूबाजूच्या मेंदूत मुळं पसरल्यासारखी शिरते. त्यामुळे शेवटची पेशी कोणताच सर्जन काढू शकत नाही, आणि ती पुन्हा वाढू शकते. सर्जननं बोलण्याच्या जागेजवळचा भाग सोडला तो हात आखडला म्हणून नव्हे. नवऱ्याची बोली शाबूत राहावी म्हणून सोडला. तुमच्याशी आज ते भांडतात, ओरडतात, ते त्या निर्णयामुळेच शक्य आहे.

आता रिपोर्ट बाहेर काढा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘आयडीएच’ समोर पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे गाठीच्या पेशींत त्या नावाच्या जनुकात बदल आहे. ही चांगली बाजू आहे. पण अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘१पी/१९क्यूसाठी फिश तपासणी करावी.’ फिश म्हणजे गाठीच्या पेशींतली गुणसूत्रं पाहायची तपासणी. ती झालेली दिसत नाही. घरात कोणी ती ओळ वाचली असेल असंही वाटत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही.

ती ओळ महत्त्वाची आहे. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते एवढ्यावर हे नाव पक्कं करता येत नाही. आयडीएच जनुकात बदल हवा आणि गाठीच्या पेशींतून १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे एकत्र गळलेले हवेत. दोन्ही असतील तरच ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. आयडीएचचा बदल आहे पण हे तुकडे जागेवर आहेत, तर ती ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे वेगळी गाठ. तिची चाल वेगळी, उपचारांना मिळणारा प्रतिसादही वेगळा. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा केमोला आणि रेडिएशनला जास्त दाद देते. घरात दोन एकरांवरून वाद चाललाय आणि आजाराचं नाव अजून अर्धवट आहे! म्हणून पहिलं काम हे करा. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज द्या आणि गाठीचे ‘ब्लॉक’ आणि ‘स्लाइड’ मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. हॉस्पिटल तो जपून ठेवतं आणि पुढच्या तपासणीसाठी रुग्णाला देतं. नवऱ्याला घेऊन मुंबईला जायची आज गरज नाही. आधी ब्लॉक जाऊ दे.

आता थांबण्याबद्दल. हा शब्द तुम्हाला टोचतो, ते समजतं. आपल्याकडे उपचार म्हणजे काहीतरी करणं: सुई, सलाईन, ऑपरेशन. पण या गाठीत डॉक्टर कधी कधी थांबतात, त्यामागे हिशेब आहे. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे. त्यानं गाठ दबते. पण मेंदूवर घेतलेल्या रेडिएशनचे परिणाम काही वर्षांनी स्मरणशक्तीवर, विचारांच्या चपळतेवर दिसू शकतात. ज्याच्यापुढे बरीच वर्षं आहेत त्यानं ते आज घ्यावं की गरज पडेल तेव्हा, हा खरा प्रश्न. वय चाळिशीच्या आत, गाठ जवळपास पूर्ण निघालेली आणि झटके आटोक्यात, तर थांबण्याकडे कल असतो. वय पुढे गेलेलं किंवा गाठ बरीच उरलेली, तर उपचार लवकर सुरू करण्याकडे. तुमचे यजमान बरोबर सीमेवर आहेत. म्हणूनच सर्जन “घरी बोलून ठरवा” म्हणाले. त्यांनी तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असं मला वाटत नाही. मात्र ओपीडीत पाच मिनिटांत एवढं सांगून मोकळं होणं बरोबर नाही, हेही म्हणते.

सुरू करायचंच ठरलं तर अर्धवट करू नका. हळू वाढणाऱ्या ग्लिओमांवरचा, म्हणजे ग्लिअल पेशींपासून होणाऱ्या गाठींवरचा, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं रेडिएशन घेतलेल्या गटात निम्मे रुग्ण ७.८ वर्षांहून जास्त जगले. रेडिएशननंतर केमोही घेतलेल्या गटात तो आकडा १३.३ वर्षं होता. त्या अभ्यासात वेगवेगळ्या प्रकारच्या गाठी होत्या आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा असलेल्यांचं इतरांपेक्षा बरं चाललं. हे आकडे दिराला वाचून दाखवा. आज-उद्या करायचा हा आजार नाही. एक महिना तपासणीत आणि बोलण्यात गेला तर त्यानं काही हातचं जात नाही.

दिरानं मोबाईलवर ‘अमेरिकेतली नवी गोळी’ पाहिली आहे, असंही तुम्ही लिहिलंय. ती खोटी नाही. व्होरासिडेनिब नावाची गोळी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ती ग्रेड २ च्या, आयडीएच बदल असलेल्या गाठींसाठी, ऑपरेशननंतर. ३३१ रुग्णांच्या चाचणीत ज्यांना ती दिली त्यांची गाठ पुन्हा वाढायला मध्यम हिशेबानं २७.७ महिने लागले, न दिलेल्यांची ११.१ महिन्यांत वाढली. म्हणजे ती गाठ रोखून धरते, मुळासकट काढत नाही. तुमच्यासारख्या ‘थांबलेल्या’ रुग्णांसाठीच ती आहे, तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण तिच्या नावावर वावर विकायला निघू नका.

वावराचंच बोलू. दीर वाईट बोलत नाही. भावासाठी काहीतरी मोठं करावं असं त्याला वाटतं आणि त्याच्या हातात मोठं म्हणावं असं वावरच आहे. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि गावात कोण गरजवंत आहे हे घेणाऱ्याला आधी कळतं. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही. शिवाय मुंबईला मत घ्यायला जाणं वेगळं आणि तिथं सहा आठवडे राहून उपचार घेणं वेगळं. मत टाटा मेमोरिअलचं घ्या, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. कॅन्सरचा उपचार घेणाऱ्याला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला सवलत असते. हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. पण रेडिएशन आणि केमो नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये होऊ शकतात, सेवाग्रामलाही रेडिएशनची सोय आहे. योजना ठरली की मशीन नागपूरचं की मुंबईचं यानं फारसा फरक पडत नाही. तुमच्या घरापासून किती दूर, यानं मात्र खूप पडतो. सहा आठवडे घराबाहेर राहायचं तर मुलांची शाळा आहे, ढोरं आहेत, ऐन हंगामात वेचणी आहे.

आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. यवतमाळसह १४ जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांना पांढऱ्या रेशनकार्डावरही तिचा लाभ आधीपासून होता, आता तर ती सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना लागू आहे. हॉस्पिटलात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार, एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून विचारा: हे उपचार इथं योजनेत बसतात का, कोणती तपासणी बसत नाही, आमच्या खिशातून किती जाईल? हा आकडा कागदावर येऊ दे. मग वावराची गोष्ट करा. कदाचित एक हंगाम मक्त्यानं देऊनही भागेल.

आता त्या “हो” बद्दल.

तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाला “नाही” म्हणायला कोणाची जीभ रेटेल? पण विचार करा. त्यांना अधूनमधून एमआरआयला न्यायचं आहे. झटक्यांच्या गोळ्या रोज दोन वेळा चालू ठेवायच्या आहेत. कधीतरी रेडिएशनला बसवायचं आहे. सगळी निघाली असं समजणारा माणूस यातलं काय मनापासून करेल? आणि सासूबाई “हात लावू नका” म्हणतात, तेही याच समजुतीवर. तुमच्या एका “हो” वर घरातली दोन मतं उभी आहेत.

त्यांना सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. कॅन्सर हा शब्द पहिल्याच दिवशी वापरलाच पाहिजे असंही नाही. पण जे सांगाल ते खरं असू दे. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर असं म्हणून पाहा: “बरीचशी निघाली. थोडी राह्यली हाय. तुमची बोली जाऊ नये म्हून डॉक्टरनं तेवढी ठेवली. ते हळूहळू वाढते, म्हून तिच्यावर नजर ठेवा लागते.” एवढंच. पुढचे प्रश्न ते विचारतील. नाही विचारले तर त्यांची तेवढीच तयारी आहे असं समजा आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांना बाहेर बाकावर बसवून आत जाऊ नका. त्यांच्यासमोरच बोलू द्या. पाच एकर वावर चालवणारा माणूस आहे. पाऊस दगा देतो, भाव पडतो, बोंडअळी येते, तरी पुढच्या वर्षीचं बियाणं ठरवतो. अनिश्चित गोष्टींवर निर्णय घेणं त्याला आपल्या दोघींपेक्षा जास्त जमत असेल. थांबायचं की उपचार घ्यायचे, हे त्यांनी सगळं ऐकून ठरवलं तर मग दिरानं आणि सासूबाईंनी मागं उभं राहायचं.

चिडचिडीबद्दल मात्र लगेच डॉक्टरांना सांगा. झटक्यांसाठी सहसा दिली जाणारी लेव्हेटिरॅसिटाम ही गोळी काही जणांना फार चिडखोर, उदास करते. गाठ पुढच्या भागात असली तर तिच्यामुळेही स्वभाव बदलतो. ‘ऑपरेशननंतर माणूसच बदलला’ असं म्हणून सोसत बसू नका. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद मात्र करू नका, अगदी एक दिवससुद्धा. झटका परत यायचं ते सगळ्यात सोपं कारण आहे.

फवारणीचं. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. तुमच्या मनात ते भूत असणं साहजिक आहे. पण ती तात्काळ विषबाधा होती. मेंदूतल्या या गाठींचं पक्कं ठरलेलं कारण म्हणजे डोक्यावर पडलेलं जास्त मात्रेचं रेडिएशन, आणि अगदी थोड्या घराण्यांत आढळणारे दुर्मीळ आनुवंशिक आजार. कीटकनाशकांचा संबंध जगभर तपासला गेला, या गाठीचं कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. मोबाईल टॉवरचंही तेच. तुम्ही कालवून दिलेल्या औषधानं हे झालं असं म्हणायला आधार नाही. आयडीएचमधला तो बदल तुमच्या यजमानांच्या मेंदूतल्या एखाद्या पेशीत केव्हातरी आपसूक झाला. तो आईवडिलांकडून आलेला नाही आणि मुलांकडे जाणार नाही. मुलांचे एमआरआय काढायची गरज नाही. पुढेमागे कोणी सोयरीक जुळवताना हा विषय काढला तर एवढंच उत्तर द्या.

फवारणी मात्र यापुढे त्यांनी करायची नाही. कारण वेगळं आहे: काही कीटकनाशकांच्या विषबाधेतच झटके येतात, आणि पाठीवर पंप घेऊन माणूस पडला तर औषध अंगावर सांडतं. विहिरीच्या काठावर एकट्यानं जाणं, झाडावर चढणं, ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवणं, थ्रेशरजवळ उभं राहणं, हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. रब्बीत रात्रीची लाईन आली की ओलिताला जायचं, हे तर पूर्ण बंद. जागरणानं झटका येतो आणि अंधारात पाटाच्या पाण्यात पडलेला माणूस सकाळपर्यंत दिसत नाही. मक्त्यानं देण्याचं म्हणाले ते यासाठीही.

झटका आलाच तर घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, एवढं ठाऊक असू दे. कुशीवर वळवायचं. विळा, दगड, चूल यांपासून दूर करायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली तरी थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर १०८.

सासूबाईंशी गोळी आणि बाधेवरून वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांनी लेकाला धुऱ्यावर तडफडताना पाहिलंय. नवस बोलला असेल तर फेडू द्या. जो गोळ्या बंद करायला सांगतो त्याच्या दारात मात्र पुन्हा जायचं नाही, एवढं मात्र ठाम सांगा, आणि ते दिरानं सांगितलं तर जास्त चांगलं. आईला धाकट्याचं पटतं, असं तुम्हीच लिहिलंय. देवाला न्यायचं असेल तर दिवसा न्या, गोळ्यांची पट्टी पिशवीत ठेवा, रात्रीच्या जागराला त्यांना बसवू नका आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी परत या.